धागा: तालुका वार्ताहर ते राजकारणावरचं पुस्तक – मधल्या वीस वर्षांत दप्तरात काय साठवायचं?

ओढ्याकाठी (धागालेखक)

राजकीय पत्रकार म्हटलं की मंत्रालयाचा सहावा मजला, नेत्याच्या गाडीतली मागची सीट आणि रात्री साडेअकराचा फोन एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे येतं. ओळखी लागतात, नाही असं नाही. पण त्या नेत्याच्या पदाबरोबर येतात आणि पद गेलं की पातळ होतात. जिल्ह्याच्या राजकारणावर पुस्तक लिहायला बसल्यावर हाताशी उरतं ते स्वतःचं दप्तर, म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेले कागद आणि तक्ते. म्हणून हा धागा दप्तरावर. किस्से नकोत, ते इतरत्र भरपूर आहेत.

सुरुवात एका विधानसभा मतदारसंघापासून करा, जिल्ह्यापासून नको. त्या एका मतदारसंघाचं दप्तर म्हणजे माझ्या मते इतकं:

२००९ पासूनच्या प्रत्येक विधानसभा आणि लोकसभा निवडणुकीचा फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय निकालाचा तक्ता. लोकसभेचा फॉर्म २० विधानसभा मतदारसंघानुसार वेगळा असतो, त्यामुळे आपल्यापुरता भाग सहज काढता येतो. उमेदवारांची फॉर्म २६ मधली प्रतिज्ञापत्रं. जिल्हा परिषदेचे गट आणि त्याखालचे पंचायत समितीचे गण (एका गटात दोन गण), प्रत्येक निवडणुकीच्या वेळच्या हद्दी आणि आरक्षणासह. साखर कारखाना, जिल्हा बँक, बाजार समिती, दूध संघ यांची संचालक मंडळं पॅनलसकट. आणि गावोगावच्या विकास सोसायट्या (शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्था) कोणाच्या ताब्यात आहेत त्याची यादी, दर वर्षी दुरुस्त केलेली.

२००९ च का? कारण २००८ ची मतदारसंघांची पुनर्रचना. कराड आणि पंढरपूर हे लोकसभा मतदारसंघ गेले, माढा नवा आला, इचलकरंजीच्या जागी हातकणंगले आणि खेडच्या जागी शिरूर आला. विधानसभेला नाव तेच राहिलं तरी आतली गावं बदलली. २००४ आणि २००९ चे आकडे शेजारी ठेवून 'या मतदारसंघात अमुक पक्षाची मतं घटली' असं लिहिणारे अजून दिसतात. त्याआधीचं काही म्हणायचं असेल तर गावनिहाय जुळवणी करावी लागते. काम महिन्याचं आहे, पण पुस्तकाला तिथेच धार येते.

---

नवा_वार्ताहर

वाखूसा (वाचनखूण साठवली). फॉर्म २० उतरवून घेतला तर सगळा चित्रासारखा निघाला, त्यातलं काही कॉपी होत नाही. दुसऱ्या एका फाईलमधून मजकूर कॉपी झाला, पण अक्षरांचा नुसता गिचका. हे हातानेच भरायचं का? आणि २०१९ चा केंद्र क्रमांक २०२४ शी जुळत नाही.

---

आकडेमोड

जुनं असेल तर बऱ्याचदा हातानेच. एका मतदारसंघात साधारण तीनशे-साडेतीनशे केंद्रं धरा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं, दोन दिवसांत उरकतं. अक्षरओळखीच्या सॉफ्टवेअरवर टाकलं तर ३ चा ८ आणि १ चा ७ होतो, तेव्हा प्रत्येक ओळीची बेरीज 'एकूण वैध मतं' या रकान्याशी आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज शेवटच्या ओळीशी ताडायची. दोन्ही जुळल्या तरच ते पान पक्कं.

केंद्र क्रमांकावर कधीच जुळवू नका. मतदार वाढले की सहायक केंद्र निघतं आणि पुढचे सगळे क्रमांक एकेकाने सरकतात. गावाचं नाव + शाळेचं नाव + खोली, या तिन्हींवर जुळवा. शहरात शाळा पाडली की केंद्र पलीकडच्या गल्लीत जातं, तिथे यादीतला भाग आणि त्यातली वस्ती बघावी लागते.

आणखी तीन ठिकाणी हमखास चूक होते:

टपाली मतं तळाला वेगळ्या ओळीत असतात. ती धरली नाहीत तर तुमची बेरीज आणि जाहीर निकाल जुळत नाहीत, मग माणूस उगीच घोटाळा शोधत बसतो.

एखादं केंद्र रिकामं दिसलं तर आधी तळटीप वाचा. चाचणी मतदानाची मतं यंत्रातून पुसायची राहिली, किंवा यंत्रातला आकडा फॉर्म १७ सी शी (केंद्रावर झालेल्या मतदानाची नोंद) जुळला नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. विजयाचा फरक त्या केंद्रावरच्या मतांपेक्षा जास्त असेल तर ते मोजतही नाहीत.

नोटा, म्हणजे 'वरीलपैकी कोणी नाही' हा पर्याय, २०१३ नंतरचा. त्याआधीच्या तक्त्यात तो रकानाच नाही, म्हणून टक्केवारी काढताना भाजक कोणता धरला ते वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही.

---

गटगण

दप्तराची यादी ठीक, पण क्रम उलटा लागला आहे. आमदारकीचा निकाल सगळ्यांकडे असतो. प्रादेशिक राजकारण कळणारा माणूस ओळखायचा तो जिल्हा बँकेच्या ठरावांवरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जिल्हा बँकेच्या विकास सोसायटी मतदारसंघात शेतकरी मत देत नाही, सोसायटी देते. सोसायटीचं संचालक मंडळ ठराव करून एक प्रतिनिधी नेमतं आणि त्याचं नाव मतदार यादीत जातं. तालुक्यात ८० सोसायट्या असतील तर निवडणूक ८० मतांची. ४१ ठराव ज्याच्या खिशात तो संचालक. म्हणून खरी लढाई मतदानाच्या दिवशी होतच नाही, ती ठराव गोळा होताना होते. 'मतदार सहलीला गेले' ही बातमी फार उशिराची. ठराव दाखल करण्याची मुदत सुरू झाली की सहायक निबंधकाच्या कार्यालयात रोज चक्कर पाहिजे. एकाच सोसायटीचे दोन ठराव आले, सचिवाने तारीख मागची टाकली, सभेला गणपूर्ती नव्हती, असले वाद तिथेच फुटतात आणि प्रारूप यादीवरच्या हरकतींत कागदावर येतात. हरकतींच्या सुनावणीचा निकाल म्हणजे तालुक्याच्या गटबाजीचा एक्स-रे.

बाजार समिती त्याहून बोलकी. १८ संचालक: सोसायटी मतदारसंघातून ११, ग्रामपंचायतीतून ४, व्यापारी-अडते २, हमाल-तोलारी १. ग्रामपंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष 'आमचे इतके सरपंच' सांगतो आणि सगळ्यांचे दावे मिळवले तर गावांपेक्षा सरपंच जास्त होतात. ते दावे छापण्यापेक्षा थांबा. पुढे बाजार समितीच्या ग्रामपंचायत मतदारसंघात तेच सदस्य कोणत्या पॅनलला गेले ते दिसतं. मतदान गुप्त, पण पेट्यांचा हिशेब तालुक्याला पाठ असतो.

कारखान्याचं वेगळं. तिथे एक सभासद एक मत, शेअर कितीही असोत. म्हणून तिथला खेळ सभासदत्वाचा: कोणाला नवीन सभासद केलं, मयत सभासदांचे वारस लावले की नाही, कोणाला 'अक्रियाशील' ठरवलं. प्रवरेला पहिला सहकारी कारखाना निघाला त्याला सत्तर वर्षं उलटली, पण पत्रकार अजून अहवालाचं मुखपृष्ठ आणि अध्यक्षांचं मनोगत वाचून बाजूला ठेवतात. वार्षिक अहवालात लेखापरीक्षकाचे शेरे आणि दोषदुरुस्ती अहवाल वाचायचा. सहकार कायद्यातली कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ ची जबाबदारी निश्चिती या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, बातमीत सर्रास एक केल्या जातात. ८३ लागली म्हणजे पैसे खाल्ले हे सिद्ध झालं असं नव्हे.

---

ओढ्याकाठी

@गटगण, क्रमाबद्दल मान्य. पण तुमचं गणित उसाच्या पट्ट्याचं आहे. २८८ पैकी ६२ जागा विदर्भात, मुंबईत ३६, ठाणे धरून कोकणात ३९. तिथे कारखान्याच्या सभासदांची यादी घेऊन बसणारा काही सांगू शकणार नाही. मुंबईत महापालिकेच्या स्थायी समितीचं कामकाज आणि पुनर्विकासाच्या फायली, किनारपट्टीवर मच्छीमार सोसायट्या. ज्या संस्थेतून पैसा आणि नोकऱ्या फिरतात तिचं दप्तर, असा नियम करू.

---

आकडेमोड

राज्यपातळीवर लिहायला लागलेल्यांसाठी एक इशारा. २०१४ ला भाजपची मतं २७.८ टक्के, २०१९ ला २५.७. 'घट' असा मथळा सुचतो. पण २०१४ ला चारही मोठे पक्ष वेगळे लढले, भाजपने २६० जागा लढवल्या होत्या. २०१९ ला युतीत १६४. लढवलेल्या जागांवरची टक्केवारी काढली तर चित्र उलटतं. आघाड्या बदलणाऱ्या राज्यात एकूण टक्केवारीचा तक्ता एकटा कधीच छापू नये, शेजारी लढवलेल्या जागा हव्यातच.

दुसरं, नामसाधर्म्य. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांहून जास्त मतं होती. २०२४ ला साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह असलेल्या शरद पवारांच्या राष्ट्रवादीचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला, आणि मतपत्रिकेवर नुसतं 'तुतारी' नाव असलेलं चिन्ह, म्हणजे लोकांच्या भाषेतली पिपाणी, ज्या अपक्षाकडे होतं त्याला ३७,०६२ मतं. दिंडोरीत आडनाव आणि चिन्ह दोन्हींत साम्य होतं, तिथे तर १ लाख ३ हजारांवर गेली, फक्त विजयाचा फरक त्याहून मोठा असल्यामुळे निकाल फिरला नाही.

इथे पत्रकार थांबतो आणि पुस्तक लिहिणारा पुढे जातो. 'पिपाणीमुळे हरले' हे वाक्य लिहिण्याआधी फॉर्म २० उघडायचा. त्या केंद्रावर बाकीच्या अनोळखी अपक्षांना सरासरी किती पडली? समजा १२. पिपाणीला ९५. तर ८३ संशयित. असं प्रत्येक केंद्राचं. मग हा आकडा कुठल्या गावांत फुगतो ते बघायचं: वाडीवस्तीवर की बाजारपेठेत, पक्षाचं जुनं चिन्ह जिथे पक्कं होतं तिथे की नव्या भागात. हे केल्यावरही 'सगळी मतं त्यांचीच होती' असं म्हणता येत नाही, 'कमाल इतकी असू शकतात' एवढंच म्हणता येतं.

---

कलम१७

कागद मिळवण्याचं थोडं. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नाही. लोकसभा-विधानसभेचं जसं संकेतस्थळावर सापडतं तसं २०१७ च्या जिल्हा परिषदेचं केंद्रनिहाय सापडेलच असं नाही. माहिती अधिकारात मागावं लागतं. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असतो, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पानाला २ रुपये, ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील, त्याला २० रुपये.

अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा शब्दरचनेमुळे. 'निवडणुकीत गैरप्रकार का झाले याची माहिती द्यावी' हा प्रश्न आहे, माहिती नव्हे. 'फेब्रुवारी २०१७ च्या जिल्हा परिषद सार्वत्रिक निवडणुकीतील अमुक गटाच्या मतदान केंद्रनिहाय मतमोजणी तक्त्यांच्या साक्षांकित प्रती' असं लिहा. 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असं उत्तर आलं तर प्रत्यक्ष अवलोकन मागा. जिल्हास्तरीय कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ अवलोकनाची सोय २०१८ च्या शासन निर्णयाने केलेली आहे. हे बरेच कर्मचारीही विसरलेले असतात, निर्णयाची प्रत सोबत ठेवा.

पक्षफुटीवर लिहिताना दोन कायदे गोंधळू नका. आमदार-खासदारांना राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी (१९८५, एक तृतीयांश फुटीची पळवाट २००३ ला बंद झाली). नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांना १९८६ चा राज्याचा वेगळा कायदा. त्यात गटनोंदणी असते: जिल्हा परिषद आणि नगरपालिकेची जिल्हाधिकाऱ्यांकडे, महापालिकेची विभागीय आयुक्तांकडे. महापालिकेत निकालानंतर नगरसेवक गायब झाले की पंचतारांकित हॉटेलाबाहेर उभं राहण्यापेक्षा आयुक्तालयात नोंदवलेल्या गटाची यादी मागा. कोण कोणाबरोबर, सहीनिशी.

विधिमंडळाचं कामकाज उद्धृत करताना पानाच्या माथ्यावर 'असुधारित प्रत' छापलं आहे का बघा. ती छापण्यासाठी नसते. त्यातलं वाक्य नंतर सुधारलं किंवा कामकाजातून काढलं गेलेलं असू शकतं, आणि पुस्तकात अवतरणचिन्हांत गेलं की पंचाईत.

---

मांडवीकाठ

गोव्यातून भर. आमच्याकडे ४० मतदारसंघ आणि प्रत्येकी मतदार पंचवीस-तीस हजारांच्या आसपास, त्यामुळे वरची सगळी मापं लहान करा. २०२२ ला सांतआंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. इथे केंद्रनिहाय नव्हे, वाड्यानिहाय वही लागते. पंचायत निवडणूक पक्षविरहित, पण कुठला पंच कुठल्या आमदाराचा हे गावात उघड असतं.

गोव्यात पक्षांतराचं दप्तर स्वतंत्र ठेवावं लागतं. जुलै २०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १०, सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८. दोन तृतीयांशचा आकडा बरोबर गाठलेला. आमदाराच्या नावापुढे पक्ष लिहिताना तारीख नसेल तर ती नोंद कुचकामी.

सूची करणाऱ्यांसाठी: एकच नाव मराठी पेपरांत आलेक्स, अ‍ॅलेक्स, आलेक्सो असं तीन तऱ्हांनी येतं, गावांचंही तेच. पहिल्या दिवशी एक रूप ठरवा आणि बाकीच्यांची यादी शेजारी ठेवा.

---

नवा_वार्ताहर

तालुका पातळीवर बातमीच्या मानधनापेक्षा जाहिरातीचं कमिशन जास्त. ज्याच्यावर लिहायचं त्याच्याच वाढदिवसाची पुरवणी गोळा करायची. हे कसं सांभाळायचं? अधिस्वीकृती (पत्रकाराची सरकारी ओळखपत्रिका) मिळाली की सुटतो का?

---

गटगण

अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं. तिने प्रवास-प्रवेशाची सोय होते, स्वातंत्र्य मिळत नाही.

जाहिरातीचं उत्तर गोड नाही. जमत असेल तर जाहिरात दुसऱ्याने आणावी. नसेल जमत तर निदान निवडणुकीचा काळ, म्हणजे आचारसंहिता लागल्यापासून निकालापर्यंत, उमेदवाराकडून काहीही घेऊ नये आणि दिलेला मजकूर जसाच्या तसा बातमी म्हणून लावू नये. २००९ च्या विधानसभेनंतर पेड न्यूजचा विषय याच राज्यातून देशभर गेला. आता जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. बातमी पेड ठरली तर खर्च उमेदवाराच्या खात्यात धरतात (विधानसभेला मर्यादा ४० लाख), आणि मजकुराखाली नाव तुमचं असतं. तीन पेपरांत शब्दशः एकच मजकूर ही त्यांची पहिली खूण. दहा वर्षांनी पुस्तकाचा विरोधक तेच कात्रण काढून दाखवतो.

---

फर्मा१६

आता पुस्तकाच्या बाजूने. सदरांची कात्रणं एकापाठोपाठ लावून पुस्तक होत नाही. सदरात दर आठवड्याला पार्श्वभूमीचा एक परिच्छेद असतो, तो चाळीस लेखांत चाळीस वेळा येतो. 'काल', 'गेल्या आठवड्यात', 'विद्यमान पालकमंत्री' हे सगळे शब्द शोधून तारखा आणि नावं घालावी लागतात. पेपरची तारीख ५ असेल तर घटना बहुधा ४ ची, हे विसरून निम्म्या पुस्तकांत तारखा एक दिवसाने चुकतात. कात्रणावर पेपरचं नाव आणि तारीखच नव्हे, आवृत्ती आणि पानही लिहा. जिल्हा आवृत्तीतली बातमी पुण्या-मुंबईच्या अंकात सापडत नाही, आणि ई-पेपरचे जुने अंक कधी नाहीसे होतील सांगता येत नाही.

जुनी कात्रणं श्रीलिपीत (युनिकोडपूर्वीचे मराठी फाँट) टाईप केलेली असतील तर युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि 'ऱ्या', 'ऱ्हा' हमखास मोडतात. 'कार्यकर्ते' चं काय होतं ते एकदा बघाच. बदलल्यावर 'र्य', 'र्त', 'ऱ्य' असे शब्द एकेक शोधून तपासा, मुद्रितशोधकावर सोडू नका. आकडेही नीट बघा, काही फाँटांत दशांश टिंब गळतं, २७.८ चा २७८ होतो.

आकाराचं: डेमी (पुस्तकाचा नेहमीचा आकार), १६ पानांचा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली पानं. २४० पानं म्हणजे १५ फर्मे. २४३ पानं झाली तर तीन पानांसाठी पुढचा फर्मा लागतो, म्हणून तक्ते आणि परिशिष्टं आधी मोजा. तक्ता उभ्या पानात सहा रकान्यांच्या वर वाचवत नाही. केंद्रनिहाय तक्ते पुस्तकात घालूच नका, गट-गणनिहाय बेरीज घाला. नामसूची पानं पक्की झाल्यावरच करायची. आधी केली की एक छायाचित्र हललं तरी सगळी सूची खोटी. मराठीत राजकारणावरची चांगली पुस्तकं सूचीविना निघतात, याला आळसाखेरीज कारण नाही.

---

नवा_वार्ताहर

पेपरात आलेले लेख पुस्तकात घ्यायला मालकाची परवानगी लागते का?

---

कलम१७

नोकरीत असताना पेपरासाठी लिहिलेल्या मजकुराचा, नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा. बाकी हक्क, म्हणजे पुस्तकाचाही, लेखकाचा. कॉपीराईट कायदा १९५७, कलम १७, खंड (क). पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. हल्लीच्या नियुक्तिपत्रांत सगळे हक्क कंपनीचे असं कलम असतं, ते आधी वाचा. छायाचित्रं वेगळी: छायाचित्रकार आणि पेपर दोघांकडून लेखी घ्या, ईमेल चालेल.

बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. सत्य असणं पुरत नाही, सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. प्रतिज्ञापत्रातले गुन्हे लिहिताना 'प्रलंबित', 'आरोप निश्चित' आणि 'दोषसिद्ध' हे तीन शब्द कधीही अदलाबदल करू नका. मालमत्ता वाढली असं लिहिण्याआधी मागच्या वेळची जमीनच आहे आणि नुसता बाजारभाव वाढवून लिहिला आहे का बघा, गट नंबर आणि क्षेत्र ताडलं की लगेच कळतं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला विचारलेले प्रश्न आणि आलेलं किंवा न आलेलं उत्तर तारखेसह जपा, पुस्तक आल्यापासून किमान तीन वर्षं. दुसरी आवृत्ती काढलीत तर तिथून पुन्हा मोजायला लागा.

---

ओढ्याकाठी

एक राहिलं. २०२२ ला बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. त्या काळात स्थायी समितीची इतिवृत्तं नाहीत, सभागृहातली भांडणं नाहीत. दप्तरात तिथे भोक पडलं आहे. तो काळ भरायचा तर प्रशासकाचे ठराव आणि त्या वर्षांतली कामवाटपाची यादी मागवा: कोणत्या गटात किती कामं, शिफारसपत्र कोणाचं. सदस्य नव्हते तेव्हा निधी कोणाच्या पत्रावर गेला हे त्याच यादीत आहे. @नवा_वार्ताहर, पहिला अर्ज याचाच टाका. मसुदा इथे चिकटवा, १५० शब्दांत बसवून देतो.